लोखंडाच्या भावात डिझेल

आमच्या आणि वहिनींच्या बैठ्या घरांमधली भिंत कंबरेएवढी आहे. सिडकोने दिली तेव्हा गुडघ्याला लागायची. २६ जुलै २००५ ला कळंबोलीत पाणी शिरलं, आमचा पाट त्यांच्या मोरीत आणि त्यांची कळशी आमच्या तुळशीपाशी निघाली, त्यानंतर आमच्या ह्यांनी भिंतीवर विटांचे चार थर चढवले. त्या थरांनी पाणी अडलं असतं की नाही कोण जाणे, तेवढं ते पुन्हा आलंच नाही. पण कोपर टेकून बोलायला उंची अगदी मापात बसली. कळंबोलीतल्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून इकडच्या तिकडे होतात. उरलेल्या निम्म्या गिरणीत.

परवा मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. पलीकडून आवाज आला, "बाई, जरा इकडं या की." मी उठायच्या आत पुढचं वाक्य, "कुनाला सांगू नका हां." वहिनींनी असं म्हटलं की समजायचं, निदान तीन घरी सांगून झालेलं आहे.

"थोरली यम्बीए करायचं म्हनती."

"मग करू दे की."

"आवं, पन ती बीए मराठी हाय! त्येबी मुक्तचं!"

पोर पनवेलला निघालेली चुकून वाशीच्या गाडीत बसावी, तसा चेहरा.

थोरलीचं जरा सांगते. तिचे वडील, आमचे दादा, पाटण तालुक्यातले. उभी हयात इथल्या लोखंड बाजारात माथाडी म्हणून गेली. मुंबईतला लोखंडाचा व्यापार इकडे हलवायचा म्हणून सिडकोने हा बाजार वसवला, आणि त्याच्या मागोमाग सातारा-सांगलीकडची माणसं टोळ्या-टोळ्यांनी इथे आली. दादांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी अण्णासाहेब पाटलांची तसबीर आहे. ते पाटणचेच. १९६९ चा माथाडी कायदा नसता तर आपल्याला ना फंड मिळता ना दवाखाना, हे दादा पाव्हण्याला चहाच्या आधी ऐकवतात. बारावी झाल्यावर थोरलीला दादांनीच बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चिकटवलं. बिल्टी फाडायची, काट्याच्या पावत्या लावायच्या, ई-वे बिल काढायचं. दिवसाचं कॉलेज शक्यच नव्हतं, म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. आठवडाभर बाजार, रविवारी अभ्यासकेंद्र. आणि विषय मराठी का, तर मी शाळेत तिला मराठी शिकवलं होतं. त्या पापात माझाही वाटा आहे.

"मुक्तची डिग्री चालत न्हाई म्हनत्यात," वहिनी म्हणाल्या.

कोण म्हणतं हे मी विचारलं नाही. गिरणीत म्हणत असणार. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, राज्याच्या कायद्याने झालेलं. यूजीसीची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची बीए ही इतर कुठल्याही बीएच्या बरोबरीची धरतात. आयआयएमसाठी जी कॅट परीक्षा असते तिला पदवी कुठल्याही शाखेची चालते. खुल्या वर्गाला पन्नास टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना पंचेचाळीस. थोरलीला बीएला अठ्ठावन्न आहेत. म्हणजे दार बंद नाही. दारापाशी पोचायचं कसं, एवढाच काय तो प्रश्न.

एवढ्यात भाऊ आले. भाऊ म्हणजे कोपऱ्यावरचे, बँकेतून रिटायर. सकाळी दूध आणायला निघतात ते दूध नासायच्या बेतात आलं की घरी पोचतात. फाटकाशी थांबून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वहिनी, घाबरू नका. मुंबईचे डबेवाले बघा. किती शिकलेत? २००३ ला प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटायला आला. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस लिहिली, तिथली मुलं ती अभ्यासतात. आयआयएममध्ये भाषणं दिलीत डबेवाल्यांनी!"

वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "भाषान द्यायला बोलावलं. पन वर्गात बसायला घेतलं का कुनाला?"

भाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हयातभर कर्जाच्या अर्जांवर शंका काढलेला माणूस, पण याला उत्तर नव्हतं. मला तर वाटतं, बिझनेस स्कुलांविषयी इतकं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. शिकवण्यापुरता डबेवाला चालतो. त्याच्या पोरीने अर्ज भरला की दहावीचे टक्के विचारतात.

खरी ठेच तिथेच होती. थोरलीला दहावीला बावन्न टक्के. त्या वर्षी दादांच्या पायावर अँगलचा बंडल पडला होता, घरात कोण शुद्धीवर होतं अभ्यास घ्यायला? पण अर्जात त्या बंडलाला रकाना नाही. बऱ्याच आयआयएम मुलाखतीला बोलावताना कॅटच्या गुणांबरोबर दहावी-बारावीचे गुणही धरतात. बावन्नचे ब्याण्णव आता ब्रह्मदेव आला तरी होणार नाहीत. दुसऱ्या बाजूने, वर्गात सगळे इंजिनीयरच भरतात म्हणून बऱ्याच आयआयएम इंजिनीयर नसलेल्यांना आणि मुलींना थोडे जास्तीचे गुण देतात. अहमदाबादवाले तर शाखाशाखांचे गट पाडून त्या त्या गटातले वरचे उमेदवार बघतात. म्हणजे ज्या बीए मराठीला वहिनी खोट समजत होत्या, ते तिथे थोडं वजन टाकतं, आणि दहावी ते वजन काढून घेते. आवक-जावक.

थोरली संध्याकाळी भिंतीशी आली तेव्हा हे सगळं तिला माहीत होतं, आमच्यापेक्षा जास्तच. वहीत तिने दोन रकाने केले होते. एकात जिथे दहावी मोजतात त्या संस्था, दुसऱ्यात जिथे मोजत नाहीत त्या. दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर राज्याची सीईटी.

"बाई, सीईटीच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीला, मेरिट सीईटीच्या मार्कांवर लागतं. पदवीला पन्नास टक्के पाहिजेत, राखीवला पंचेचाळीस, बस. दहावी कुणी विचारत नाही. दोनशे प्रश्न, अडीच तास, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत."

"आणि कॅट?"

"तीपण देणार. नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. ऑगस्ट-सप्टेंबरात फॉर्म. तिथे तीन भाग, चाळीस-चाळीस मिनिटं, आणि पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की कापतात. कॅटच्या अभ्यासावर सीईटी निघते. सीईटीच्या अभ्यासावर कॅट निघत नाही."

पोरीने उलटीकडून आखणी केली होती. आधी परीक्षेची तारीख, मग तिथून मागे येत येत आजचा दिवस. बाजारात गाडी नाशिकला सकाळी सहाला पोचवायची असेल तर इथून किती वाजता निघायची, हे असंच काढतात म्हणे. सीईटीतून तिला चर्चगेटचं जमनालाल बजाज हवं होतं. ती संस्था १९६५ ची, मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या मदतीने काढलेली.

"तिथं किती लागत्यात?" वहिनी.

"नव्याण्णवच्या वर पर्सेंटाईल."

"नव्यान्नव टक्के! अगं बया!"

टक्के नव्हेत, पर्सेंटाईल, हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं असतं. पण थोरलीच म्हणाली, "आई, रेशनच्या रांगेत शंभर माणसं असली आणि नव्याण्णव माझ्या मागं असली, तर ते नव्याण्णव पर्सेंटाईल. मला साखर किती मिळाली, त्याचा संबंध नाही."

"म्हंजे पहाटं उठून नंबर लावायचा," वहिनी म्हणाल्या. याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

मधे एका क्लासवाल्याकडे जाऊन आली होती ती. नाव घेत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या पाट्या आहेत. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने बीए मराठी ऐकून सुस्कारा सोडला म्हणे. "आर्ट्स? मग तुम्हाला मॅथ्सचं फाउंडेशनच करावं लागेल," असं म्हणून एक लाख चाळीस हजारांचा कागद पुढे सरकवला. पोरगी तो कागद घेऊन आली आणि दोन दिवस गप्प. गणित येत नाही, हे तिच्या मनानेही घेतलं.

भाऊंनी हे ऐकलं आणि बँकेच्या आवाजात विचारलं, "बारा एमएमच्या सळईचं वजन किती?"

"अख्ख्या सळईचं? बारा मीटरची ना? दहा किलो सहाशे सत्तर ग्रॅम." विचारायला आणि सांगायला सारखाच वेळ लागला.

"कसं काढलंस?"

"बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, भागिले एकशे बासष्ट, ते मीटरचं वजन. गुणिले बारा. सोळा एमएमची अठरा किलो नऊशे साठ. बाजारात सगळ्यांनाच येतं की."

"एकशे बासष्ट कुठून आले?"

ते तिला माहीत नव्हतं. बाजारात ते कुणी विचारत नाही, गायत्री मंत्रासारखं पाठ असतं. रात्री साडेदहाला भिंतीवर टकटक झाली. पोरगी वही घेऊन उभी. वर्तुळाचं क्षेत्रफळ, लोखंडाची घनता घनमीटरला ७८५० किलो, मिलिमीटरचे मीटर करायचे शून्य, सगळं मांडून खाली अधोरेखित करून १६२. "बाई, आलं!" मला गणितातलं काही कळत नाही, पण तीस वर्षं पोरांच्या चेहऱ्यांवर मी जे शोधत होते ते भिंतीच्या पलीकडे, मोरीच्या दिव्याखाली मिळालं. तो एक लाख चाळीस हजारांचा कागद वहिनींनी डब्याच्या तळाशी घातला. चांगला जाड होता.

इंग्रजीचा मात्र प्रश्न आहेच. तो मी फुंकर घालून उडवणार नाही. लांबलचक उतारे, आणि चार पर्यायांतले दोन अगदी जुळे भाऊ. पण उताऱ्यावरचे प्रश्न हा माझा धंदा होता. लेखक काय म्हणाला, काय म्हणाला नाही, आणि तुला काय वाटलं की तो म्हणाला, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. भाषा कुठलीही असो. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचायचा आणि त्याचं सार मला मराठीत चार वाक्यांत सांगायचं, असा सध्या आमचा नेम आहे. मी लसूण सोलते, ती सांगते. त्यामुळे मला अमेरिकेच्या व्याजदरांविषयी बरंच कळायला लागलं आहे. त्याचा उपयोग काय, विचारू नका.

खर्चाचंही भिंतीवर निघालंच. जुन्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर, हे ऐकून दादा आत जाऊन पडले. पण राज्य सरकारने २०२४ च्या जुलैत निर्णय काढलाय. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मात्र प्रवेश सरकारी कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणजे दुसरा रकाना आणखी जड झाला. आता दाखल्यांची माळ जमवायची, उत्पन्नाचा, डोमिसाइल, जातीचा. ते दादांकडे सोपवलंय. बाजारातल्या हमालीचे, वाराई-लेव्हीचे हिशेब सोडवून सोडवून त्यांना कागदाची भीती उरलेली नाही.

अनुभवाचं एक लफडं निघालं. बाजारात सहा वर्षं काम, म्हणून पोरगी खूश. पण बहुतेक ठिकाणी पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरीच अनुभव म्हणून धरतात. सहातली चार गेली, दोन उरली. आणि त्या दोन वर्षांचा पुरावा काय, तर पगार रोखीत, पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीने आकडा. शेठकडे पत्र मागायला गेली तर शेठ म्हणाले, "सोडून जाणार काय?" तिने सांगितलं, मिळालं तर जाणार. माणूस वाईट नाही. दोन दिवस कुरकुरला, मग पत्र दिलं आणि पगार बँकेत टाकायला लागला. पत्रात इंग्रजीच्या चार चुका होत्या आणि एक वाक्य खरं होतं, की ही आल्यापासून वजनाची भांडणं बंद झाली.

ती कशी बंद झाली, हे मला माहीतच नव्हतं. काही संस्था अर्जात स्वतःविषयी लिहायला सांगतात, नाही तिथे मुलाखतीत विचारतातच, म्हणून मी तिला दोन पानं लिहून आणायला सांगितलं होतं. तिने आणलं ते असं. वडील माथाडी, गरिबी, पुराचं पाणी, अपघात, आईचे कष्ट, आणि शेवटी जिद्द. व्याकरण चोख. मीच शिकवलेलं. वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि मला जांभई आली. खरं सांगायचं तर यातलं एकही काम तिने केलेलं नव्हतं. पूर पावसाने आणला, कष्ट वहिनींनी केले.

"हे राहू दे. वजनाची भांडणं काय होती ते सांग."

"ते काय सांगायचं बाई, डिझेलचं होतं."

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका पार्टीची ओरड सुरू झाली. माल दर खेपेला दीडशे-पावणेदोनशे किलो कमी. संशय ड्रायव्हरवर. शेठने त्याचं भाडं अडवलं. ड्रायव्हर देवाची शपथ घेत होता. मग बाजारात जिथे-तिथे घेतात तसा माथाड्यांवर संशय. ते ऐकून हिचं डोकं फिरलं. हिने आठ खेपांच्या काट्याच्या पावत्या काढल्या आणि वेळा लावल्या. रिकाम्या गाडीचा काटा सकाळी सव्वासातला, भरलेल्या गाडीचा साडेअकराला. मधे गाडी बाजारात दीड-दोन तासच असायची. उरलेला वेळ? ड्रायव्हरला विचारलं, डिझेल कुठे भरतोस? तो म्हणाला, रिकामा काटा झाला की हायवेच्या पंपावर जातो, गर्दी नसते. दोनशे लिटर.

"बाई, डिझेलचा लिटर साधारण आठशे तीस ग्रॅमचा. दोनशे लिटर म्हणजे एकशे सहासष्ट किलो. रिकाम्या गाडीत ते नव्हतं, भरल्या गाडीत होतं. आपण पार्टीला डिझेल विकत होतो, लोखंडाच्या भावात!"

किलोला पन्नास धरले तरी खेपेला आठ हजार तीनशे. चोर कुणीच नव्हतं. हिने ऑफिसात पाटी लावली, दोन काट्यांच्या मधे गाडी पंपावर जाणार नाही. एवढंच. ड्रायव्हरचं भाडं सुटलं, आणि दिवाळीला तो हिच्यासाठी नाशिकची द्राक्षं घेऊन आला. दिवाळीत द्राक्षं आंबटच असतात, पण घेऊन आला.

मी म्हटलं, "अगं, मग हे लिही ना!"

"यात काय आहे बाई? हे तर कामच आहे."

आता ते लिहून झालंय. पुराला एक ओळ, जिद्दीला रजा. दर रविवारी भिंतीवर मुलाखतीची तालीम चालते. भाऊ अध्यक्ष, मी तज्ज्ञ, आणि वहिनी कपडे वाळत घालता घालता मधेच असा प्रश्न टाकतात की अध्यक्षांनाही घाम फुटतो. "मराठी शिकलीस, मग यम्बीए कशाला?" हा त्यांचाच. थोरलीने पहिल्यांदा गोल गोल उत्तर दिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "ऑफिसातलं भांडण मला माणसांचं बोलणं ऐकून सुटलं, आकडा नंतर आला. पण एका ऑफिसातलं सुटलं. बाजारात अशी कितीतरी ऑफिसं आहेत." भाऊ म्हणाले, चालेल. वहिनी म्हणाल्या, आवाज वाढव, मागं ट्रेलर जातोय.

हे सगळं अर्थात कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी सांगितलं नाही. भाऊ म्हणतात, त्यांनीही नाही.

काल गहू दळायला गेले. गिरणीवाल्या मावशींनी डबा वजनाला ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुमच्या शेजारणीची थोरली हायवेला डिझेलचा पंप काढतीय म्हणे?"